आधी बघा, कोण बोलतंय

वाचकाचं पत्र:

"मी कराडजवळच्या गावात राहते. निवृत्त शिक्षिका आहे. २०१७ साली घेतलेला डेस्कटॉप आहे, विंडोज १०, ४ जीबी रॅम. गावातल्या बायकांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या मी त्यावर टाइप करून ठेवते. दिवाळीत भाच्याने एक फुकटचा अँटीव्हायरस टाकून दिला. मग कॉम्प्युटर हळू चालायला लागला म्हणून दुकानात नेला, तिथे विकतचा दुसरा टाकून दिला. त्यानंतर सुरू व्हायलाच वीस मिनिटं लागायला लागली. कोपऱ्यात सारखं 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले' असं यायचं. एका सकाळी मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअरच गायब! झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेन ड्राइव्हमध्ये फायलींच्या जागी नुसते शॉर्टकट. गेल्या आठवड्यात स्क्रीनभर लाल इशारा आला, तेव्हा त्यावरच्या नंबरवर मी फोन केला. त्या माणसाने एक ॲप घ्यायला लावलं आणि माउस आपोआप हलायला लागला. बँकेचं पान उघडा म्हणाला तेव्हा मी घाबरून भिंतीवरचं बटण बंद केलं. तेव्हापासून कॉम्प्युटर लावलेला नाही. आता तिसरा, खात्रीचा अँटीव्हायरस कोणता घेऊ?"

नमस्कार बाई,

तुम्ही आयुष्यभर शाळेत शिकवलंत, म्हणून दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही.

तिसरा घेऊ नका. सध्या अँटीव्हायरसवर एक रुपयाही खर्च करू नका. तुमच्या पत्रात पाच तक्रारी आहेत आणि त्या सगळ्या एकाच दुखण्याच्या आहेत असं तुम्हाला वाटतंय. खरं तर प्रत्येकीचं मूळ वेगळं आहे, आणि त्यातला कॉम्प्युटर हळू होण्याचा त्रास तर थेट औषधानेच झालेला दिसतो.

आधी त्या फोनबद्दल बोलू. माउस आपोआप हलताना बघून तुमच्या पोटात गोळा आला असणार. ही माणसं सारखी बोलत राहतात, विचार करायला उसंतच देत नाहीत, आणि समोरचा सांगेल ते करत जातो. तुम्ही मात्र बटण बंद केलंत. मी वीसेक वर्षं लोकांच्या घरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करते. त्या घडीला इतकं नेमकं सुचलेली माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. तेव्हा स्वतःला बोल लावू नका.

तरीही तो काही मिनिटं आत होता, आणि तेवढ्यात त्याने काय पाहिलं हे कळायला मार्ग नाही. म्हणून पाहिलंच असं धरून चालायचं. पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेल्या नंबरवर बँकेला फोन करून झालेला प्रकार सांगा. नेट बँकिंगचा पासवर्ड मोबाइलवरून बदला. त्याच बैठकीत ईमेलचाही बदला, कारण ईमेल ज्याच्या हाती लागला त्याला बाकीचे पासवर्ड नव्याने मागवता येतात. क्रोममध्ये पासवर्ड साठवलेले असतील तर तेही आले. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर क्षणभरही न थांबता १९३० हा सायबर मदतीचा नंबर लावा. जितक्या लवकर तक्रार होईल तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त असते. पैसे गेले नसतील तरी तो फोन नंबर 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर 'चक्षु' या सोयीत नोंदवून ठेवा.

आता तो लाल इशारा आणि कोपऱ्यातले '५ व्हायरस'. मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचंय, कारण तुमची भीती इथून सुरू झाली.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकाच वेळी चार जण बोलत असतात. एक विंडोज, दुसरा तुमचा खरा अँटीव्हायरस, तिसरा त्याच अँटीव्हायरसचा जाहिरात विभाग आणि चौथी कुठली तरी भलतीच वेबसाइट. चौघांचेही संदेश त्याच कोपऱ्यात, जवळपास तशाच चौकटीत येतात. म्हणून मजकूर वाचायच्या आधी कोण बोलतंय ते बघायचं. दारावर थाप पडली की आपण 'कोण?' विचारल्याशिवाय कडी काढत नाही, तसंच.

पुढच्या वेळी तो '५ व्हायरस'चा संदेश आला की घाबरू नका, चष्मा लावून जरा जवळून बघा. मोठ्या अक्षरांतल्या इशाऱ्याजवळ अगदी बारीक, फिकट अक्षरांत एक ओळ असेल. तिथे 'गूगल क्रोम' आणि पुढे एखाद्या वेबसाइटचा विचित्र, उच्चारताही न येणारा पत्ता दिसला, तर तो संदेश क्रोमच्या दारातून आलेला आहे, अँटीव्हायरसकडून नव्हे. कधी तरी पंचांग बघताना किंवा पीडीएफ उतरवून घेताना 'अलाव' असं एक बटण आलं असेल आणि पान पुढे जावं म्हणून ते दाबलं गेलं असेल. त्या बटणाने त्या वेबसाइटला तुमच्या पडद्यावर केव्हाही चिठ्ठी टाकायची परवानगी मिळाली. तिने तुमचा कॉम्प्युटर तपासलेलाच नाही. पाच हा आकडा तिने मनानेच लिहिला आहे.

परवानगी काढून घेणं सोपं आहे. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन टिंबं आहेत, तिथून सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज आणि शेवटी नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या वेबसाइटची यादी समोर येईल. ओळखीची नसेल ती काढून टाका. त्याच पानावर सगळ्यांना कायमची मनाई करायची सोयही आहे, ती लावून टाका.

स्क्रीनभर आलेला लाल इशारा हाही त्याच जातीचा. ते एक वेबपान होतं, पूर्ण पडदा व्यापून बसलेलं. ओळखायची खूण एकच पुरते: त्यावर फोन नंबर होता. मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगितलंय की विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो. परत तसं झालं तर एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरा. तरी पान हटलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. तिथे क्रोम निवडून 'एंड टास्क' म्हणा. परत क्रोम उघडल्यावर जुनी पानं आणू का असं विचारलं तर नको म्हणायचं.

चौथ्या बोलणाऱ्याचं झालं. तिसऱ्याबद्दल मला थोडा रागच आहे. पैसे घेऊन वर 'तुमची गोपनीयता धोक्यात', 'तुमचा कॉम्प्युटर ४२ टक्के मंद' असल्या चौकटी दाखवून अजून काही विकायचं, हे माझ्या मते सरळ वागणं नाही. घरातली वयस्क माणसं त्या चौकटी खऱ्या धोक्याच्या समजतात, आणि मग खरा इशारा आला तरी तो त्याच गर्दीत हरवतो. 'अपग्रेड', 'रिन्यू', 'फिक्स नाउ' असे शब्द दिसले की ही विक्री आहे असं समजा. खऱ्या इशाऱ्यात अमुक फाइल, अमुक ठिकाणी, अमुक नावाचा धोका असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता कॉम्प्युटर हळू का झाला ते सांगते. अँटीव्हायरस गस्त घालून निघून जात नाही. तुम्ही कुठलीही फाइल उघडलीत की तो मध्ये उभा राहतो, फाइल तपासतो आणि मगच पुढे सोडतो. असे दोन असले की एकाने तपासायला फाइल उघडली की दुसरा ते उघडणंही तपासायला जातो. एकाच तासाला दोन बाई वर्गावर आल्या आणि दोघींनी आपापली हजेरी घ्यायला सुरुवात केली, तर धडा कधी सुरू होणार? त्यात तुमच्याकडे ४ जीबी रॅम, आणि २०१७च्या डेस्कटॉपमध्ये बहुधा जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल. टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क' या रकान्यात १०० टक्के लाल दिसत असेल तर ही त्याचीच खूण.

विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, या भांडणात नसतो. विंडोज ८ पासून तो आतच असतो, आणि बाहेरचा कोणी आला की आपली राखण थांबवून बाजूला होतो. बाहेरचा निघून गेला की परत आपल्या जागी उभा राहतो. भाच्याला आणि दुकानदाराला हे माहीत असतं तर तुमचा एवढा त्रास वाचला असता. दोघांनीही भल्याच हेतूने केलं असेल, पण नवा टाकताना आधी कोणता आहे हे दोघांनीही पाहिलं नाही.

तर दोन्ही काढून टाका. विकतच्याची लायसन्स की आणि मुदत संपायची तारीख आधी वहीत उतरवून घ्या, म्हणजे पैसे वाया जायची भीती नको. लागला तर परत टाकता येतो. इंटरनेट बंद ठेवूनच कॉम्प्युटर लावा. सेटिंग्जमध्ये ॲप्स उघडा, यादी तारखेप्रमाणे लावा. त्या माणसाने टाकायला लावलेलं ॲप बहुधा वरच सापडेल. पहिलं ते काढा, मग फुकटचा अँटीव्हायरस काढून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, मग विकतचा काढून परत रीस्टार्ट. घाईने दोन्ही एकदम काढायला जाऊ नका. एखादा निघता निघत नसेल तर जवळपास प्रत्येक कंपनीची आपला माल पुरता काढून टाकायची वेगळी छोटी सोय असते. भाच्याला ती त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून आणायला सांगा. गूगलवर शोधून पहिला दिसेल तो 'क्लीनर' घेऊ नका. तिथे नवाच पाहुणा घरात यायचा.

दोन्ही गेले की 'विंडोज सिक्युरिटी' उघडा. ढालीच्या चित्रावर हिरवी खूण दिसली म्हणजे डिफेंडर जागेवर आला. तिथेच 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या सेटिंगमध्ये 'एक्सक्लूजन्स' म्हणून यादी असते, म्हणजे हे तपासू नकोस असं सांगितलेल्या जागा. ती यादी रिकामी असायला हवी. दुकानात कधी विंडोजची विनापरवाना प्रत टाकलेली असेल तर ती चालवण्यासाठी नेमकी इथे सूट देऊन ठेवलेली मी अनेकदा पाहिली आहे. कुलूप भक्कम लावायचं आणि खिडकी उघडी ठेवायची, असा तो प्रकार. तुम्ही स्वतः न दिलेली कुठलीही सूट काढून टाका. मग इंटरनेट जोडा, अपडेट होऊ द्या, आणि 'स्कॅन ऑप्शन्स'मधून 'ऑफलाइन स्कॅन' निवडा. कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू होतो आणि विंडोज उठायच्या आधी पंधराएक मिनिटं तपासणी चालते. लपून बसलेलं काही असेल तर तेव्हा त्याला पळायला जागा राहत नाही. रात्री झोपताना 'फुल स्कॅन' लावून ठेवा. आठ दिवस असं वापरून बघा. तुमच्या कामाला डिफेंडर पुरेल असं माझं स्पष्ट मत आहे.

मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर गायब झालं, ते चोरीला गेलेलं नाही. अँटीव्हायरसने ते उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे बंद खोलीत ठेवलं असेल. कारण समजून घ्या. जुनी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ मध्येच पकडतात आणि तिच्या जागी मराठी अक्षर टाकतात. पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही कळा अशाच पकडतात. वागणं सारखं दिसलं की अँटीव्हायरसला संशय येतो. अशी चूक मोठमोठ्या कंपन्यांकडूनही झाली आहे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकाफी या अँटीव्हायरस कंपनीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली एक अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरवली आणि जगभरचे कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसले.

पण तुमच्या बाबतीत चूकच झाली असं मी छातीठोक म्हणणार नाही. तुमची प्रत कुणी कंपनीच्या डोंगलशिवाय, म्हणजे सॉफ्टवेअरसोबत मिळणाऱ्या यूएसबी किल्लीशिवाय, चालणारी म्हणून दिली असेल, तर ती कुणी तरी फोडलेली प्रत आहे, आणि फोडणाऱ्याने आत आणखी काय घातलंय कोण जाणे. ती परत आणू नका. विंडोज १०मध्ये २०१९पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, रोमन अक्षरांत टाइप केलं की देवनागरी उमटतं. इन्स्क्रिप्ट हा थेट देवनागरी कळांचा कीबोर्डही आहे. दोन्ही फुकट आणि युनिकोडमध्ये, म्हणजे तुमची ओवी नातवाच्या मोबाइलवरही जशीच्या तशी दिसेल. जुन्या फायली उघडल्यावर भलत्याच खुणा दिसल्या तरी रडकुंडीला येऊ नका. अक्षरं आत शाबूत आहेत. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर असतात, कुठलाही जाणता डीटीपीवाला ते करून देईल. काही जोडाक्षरं चुकतात, तेवढी तुम्हाला डोळ्यांखालून घालावी लागतील.

पेन ड्राइव्हचं दुखणं मात्र खरोखरच व्हायरसचं आहे. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला दिवसभरात पन्नास जणांचे पेन ड्राइव्ह लागतात. हा व्हायरस तुमच्या खऱ्या फायली लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट मांडून ठेवतो. शॉर्टकटवर दोनदा क्लिक केलं की फाइल उघडते, सोबत तोही कामाला लागतो. म्हणून त्या शॉर्टकटना अजिबात हात लावू नका. कॉम्प्युटर स्वच्छ झाल्यावर पेन ड्राइव्ह लावा, आधी त्यावर राइट क्लिक करून स्कॅन करा. मग फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'खाली 'हिडन आयटम्स'वर खूण करा. तुमच्या फायली बहुधा फिकट रंगात दिसायला लागतील, कधी कधी बिननावाच्या एखाद्या फोल्डरमध्ये कोंबलेल्या. त्यातले फक्त वर्ड, पीडीएफ आणि फोटो कॉपी करून घ्या आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. पुढे छपाईला जाताना एक वेगळा, रिकामा पेन ड्राइव्ह ठेवा, त्यात तेवढी एकच पीडीएफ न्या. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर अशा साफसफाईची साधनं फुकट मिळतात, हेही भाच्याच्या कानावर घाला.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. विंडोज १०ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. अँटीव्हायरस कितीही चांगला असला तरी विंडोजमधलं भगदाड तो बुजवू शकत नाही, ते काम अपडेटचं. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, ते भगदाड बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. जूनमध्ये त्याच भगदाडाचा आधार घेत नोटपेट्या हा दुसरा व्हायरस पसरला आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. घरच्या कॉम्प्युटरसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट ठेवली आहेत. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती फुकट मिळतात. विंडोज अपडेटच्या पानावरच नाव नोंदवायची सोय आहे. २०१७च्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, म्हणून वर्षभरात नव्या कॉम्प्युटरची तजवीज करावी लागेल. तोवर अँटीव्हायरसला द्यायचे पैसे एसएसडीला, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कला, आणि आणखी ४ जीबी रॅमला द्या, फरक पहिल्याच दिवशी जाणवेल.

आणि बाई, स्कॅनमध्ये काही सापडलं तर 'डिलीट' दाबायची घाई करू नका. 'क्वारंटाइन' निवडा. माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तीन वर्षं खपून घराण्याची वंशावळ एका वर्ड फाइलमध्ये लिहिली होती. त्या फाइलला मॅक्रो व्हायरस, म्हणजे वर्डच्या फाइलमध्येच दडून बसणारा व्हायरस, लागला. अँटीव्हायरसने काय करू विचारलं आणि मी 'डिलीट' दाबलं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. दादा मला काही बोलले नाहीत. त्यांनी कपाटातून जुनी वही काढली आणि पहिल्या नावापासून पुन्हा लिहायला बसले. ती वंशावळ पुरी व्हायच्या आधीच ते गेले. ती वाकलेली पाठ आणि टेबलावरचा दिवा मला अजून दिसतो.

म्हणून बँकेचं आणि पासवर्डचं काम उरकलं की, बाकीच्या सगळ्या उठाठेवीच्या आधी आज एवढंच करा. गावातून एक कोरा पेन ड्राइव्ह आणा. इंटरनेट बंद ठेवून कॉम्प्युटर लावा, वीस मिनिटं लागली तरी लागू द्या. ओव्यांच्या फायली, फक्त त्याच, त्यावर कॉपी करा, पेन ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा आणि त्यावर चिठ्ठी चिकटवा: 'तपासल्याशिवाय कुठेही लावू नये.' बाकीचं भाचा येईल तेव्हा, सावकाश. हे पत्र त्याच्या हातात द्या. मध्येच कुठे अडलं तर पडद्यावर जे दिसेल त्याचा मोबाइलने फोटो काढून मला पाठवा, ती बारीक फिकट अक्षरांची ओळ दिसेल असा.